इंदूरच्या मराठी मुलांसाठी लेखनाचा कट्टा: पहिले दहा रविवार

इंदूरच्या मराठी घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाचा दिवस साधारण असा जातो: शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, गल्लीत हिंदी, आजीशी मराठी, आणि मराठी वाचायची वेळ आलीच तर आरतीचं पुस्तक. देवनागरी त्याला येते, त्यामुळे लिपीचा प्रश्न नाही. अडतं ते वेगळ्या ठिकाणी. आपण घरी बोलतो ती मराठी कच्ची, खरी मराठी तिकडे पुण्यात, असं त्याच्या मनात बसलेलं असतं. म्हणून ‘कविता लिही’ म्हटलं की ते गप्प होतं, नाहीतर कुठेतरी ऐकलेल्या ओळी जुळवून देतं. कट्टा चालवणाऱ्याचं मुख्य काम ही समजूत काढून टाकणं. घरातली मराठी हाच लिहिण्याचा कच्चा माल आहे. आधी कानाला काय ऐकू येतं ते कागदावर येऊ द्यायचं, शुद्धलेखन मागून.

हे काम करायला कवी असावं लागत नाही. मुलांचं ऐकून घेण्याचा धीर, आठवड्याचे दोन तास आणि मोठ्यानं वाचायची सवय एवढं पुरतं.

किती मुलं, कुठे, किती वेळ

आठ ते बारा मुलं ठेवावीत. पाचच असली आणि दोन आली नाहीत तर बैठक बसत नाही. पंधरा झाली तर प्रत्येकाचं वाचून होत नाही, आणि ज्याचं वाचायचं राहतं ते पुढच्या रविवारी येत नाही. नऊ ते बारा आणि तेरा ते सतरा असे दोन गट करणं उत्तम. मोठ्यांसमोर लहान लाजतात आणि लहानांसमोर मोठे मनातलं लिहीत नाहीत.

जागा कुणाच्याही घरातली बैठकीची खोली, सोसायटीचा हॉल किंवा गणपती मंडळाची खोली. जमिनीवर सतरंजी, गोल बसणं. खुर्च्यांच्या रांगा लावल्या की शाळा सुरू होते. टीव्ही बंद, आणि पालक दुसऱ्या खोलीत. ही शेवटची अट पहिल्याच दिवशी सांगावी, कारण आई दारात उभी असली की मूल प्रत्येक ओळीनंतर तिच्याकडे बघतं.

वेळ नव्वद मिनिटं. त्यातली पहिली पंधरा ऐकण्याची, मधली तीस लिहिण्याची, पुढची तीस वाचून दाखवण्याची, उरलेली खाऊ आणि गप्पांची. सकाळी साडेनऊच्या आधी ठेवू नये. रविवारी इंदूरचं घर पोहे-जिलेबी झाल्याशिवाय हलत नाही.

प्रत्येकाला शंभर पानी वही, शक्यतो बिनरेघांची. पेन चालेल, पेन्सिल चालेल, खोडरबर मात्र नको. मूल खोडायला लागलं की पहिली ओळ सात वेळा लिहितं आणि दुसरीपर्यंत पोहोचत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. पुष्कळदा खोडलेली ओळच चांगली निघते.

पहिला रविवार: कविता लिहायचीच नाही

पहिल्या दिवशी ‘कविता’ हा शब्दच काढू नये. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि कानावर येतं ते मनात टिपायचं. मग सात मिनिटं न थांबता लिहायचं, लहानांनी चार. हात थांबवायचा नाही. काही सुचलं नाही तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असंच लिहीत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात कंटाळतो आणि दुसरं काहीतरी लिहू लागतो.

यादीत कचरागाडीचं गाणं येईल, कुकरची शिट्टी येईल, खालच्या मजल्यावरचा भांडणाचा आवाज येईल. एखादं मूल फक्त ‘पंखा’ असं लिहील. त्याला विचारावं: पंखा कसा आवाज करतो? घरातल्या सगळ्या पंख्यांचा आवाज सारखाच असतो का? यातून ‘आजोबांच्या खोलीतला पंखा टक् टक् करतो, आमचा करत नाही’ असं वाक्य आलं की त्या दिवसाचं काम झालं. मुलाला इतकंच कळायला हवं की आपण पाहिलेलं-ऐकलेलं दुसऱ्या कुणापाशी नसतं.

दुसरा रविवार: घरातले शब्द

आधीच्या आठवड्यात गृहपाठ द्यावा: आजी, आजोबा, मावशी किंवा शेजारच्या काकू यांच्याकडून शाळेत कधीच ऐकू येत नाहीत असे दहा शब्द आणायचे. फडताळ, उंबरा, सांडशी, वाळवण, कोनाडा, शिंकं, हुरहुर, उचकी. प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. मग प्रत्येकानं तीन चिठ्ठ्या उचलायच्या आणि तिन्ही शब्द येतील अशा पाच ओळी लिहायच्या.

अर्थ माहीत नसला तरी लगेच सांगू नये. आवाजावरून काय वाटतं ते आधी लिहू द्यावं आणि अर्थ नंतर सांगावा. ‘शिंकं’ म्हणजे शिंक असं समजून लिहिलेल्या पाच ओळीही मजेच्या होतात आणि शब्द कायमचा लक्षात राहतो.

ज्यांच्या घरी आजी आहे त्यांना जुन्या ओव्या, उखाणे, कोडी विचारायला सांगावं. श्राद्धपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा काढून गाणी म्हणतात. शेजारच्या मैत्रिणीकडून त्यातलं एखादं मालवी गाणं मिळालं तर तेही वहीत उतरवून घ्यावं. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून घेतली म्हणून राहिली, आणि ती खानदेशातल्या घरगुती बोलीत आहेत. खानदेश इथून फार लांब नाही. आपली बोली कवितेत चालते का, असं मुलानं विचारलं तर बहिणाबाईंची एखादी कविता वाचून दाखवावी. वेगळं समजावत बसावं लागणार नाही.

तिसरा रविवार: दोन भाषांच्या मधली जागा

हा रविवार फक्त इंदूर-ग्वाल्हेरसारख्या गावातच होऊ शकतो, म्हणून तो चुकवू नये. हिंदीत एक आणि मराठीत दुसरा अर्थ असलेले शब्द फळ्यावर लिहायचे. शिक्षा: तिकडे शिक्षण, इकडे दंड. चेष्टा: तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. संसार: तिकडे जग, इकडे घरदार. आपत्ती: तिकडे आक्षेप, इकडे संकट. नाव: तिकडे होडी, इकडे होडी आणि शिवाय आपलं नाव. मुलांना एक शब्द निवडून दोन्ही अर्थ एकाच लिखाणात आणायला सांगायचं. ‘नाव’ बहुतेकांना आवडतो, कारण पाण्यात सोडलेल्या कागदी नावेवर स्वतःचं नाव लिहिण्याची कल्पना कुणीतरी काढतंच.

दुसरा भाग ‘ळ’चा. हिंदीत शिकलेल्या मुलांच्या तोंडी ‘काळा’चा ‘काला’ होतो. उपदेश करण्यापेक्षा जोड्या द्याव्यात: वेळ–वेल, काळ–काल, मूळ–मूल, पाळ–पाल, माळ–माल, दळ–दल. प्रत्येक जोडी एका वाक्यात बसवायची आणि मोठ्यानं म्हणायची. ‘मूल मुळाशी बसलं’ हे वाक्य चार वेळा म्हटलं की जीभ आपोआप मागे वळते.

कुणी विचारेल, हिंदीत लिहिलं तर चालेल का? चालेल. गजानन माधव मुक्तिबोध (1917–1964) मराठी घरातले, इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकले आणि हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरात दोन भाषा नांदल्या. भा. रा. तांबे यांचा जन्म 1873 मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा, आणि मराठी कविता त्यांनी याच मुलखात राहून लिहिली. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917 मध्ये झालं आणि 2001 मध्ये पुन्हा झालं. मुलांना हे ठाऊक असलं पाहिजे. आपण मराठीच्या अंगणाबाहेर उभे आहोत, ही भावना त्यानं कमी होते.

चौथा आणि पाचवा: अक्षरं मोजून लिहिणं

मुक्त लिहून झालं की बंधन द्यावं. बंधनानं मुलं घाबरत नाहीत, उलट त्यांना खेळ मिळतो. मराठीत यासाठी अभंगासारखी दुसरी सोय नाही. मोठ्या अभंगात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळवायचं. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचा बाजार, रात्री खाण्याचा. त्यावरचा हा नमुना फळ्यावर लिहावा:

दिवसा सराफा
सोन्याने चमके
जिभेला चटके
रात्रभर

मोजून दाखवावं: दि-व-सा-स-रा-फा सहा, सो-न्या-ने-च-म-के सहा, जि-भे-ला-च-ट-के सहा, रा-त्र-भ-र चार. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून ‘न्या’ एक आणि ‘त्र’ एक. इथे मुलं हमखास चुकतात: ‘चमके’ बोलताना ‘चम्के’ होतं, म्हणून ती दोन मोजतात. उपाय असा की चरण भजनासारखा ताल धरून संथ म्हणायचा. गाताना प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि मोजणी बरोबर येते. टाळ असतील तर आणावेत. नसतील तर मांडीवर ताल.

दुसरी चूक यमकाची. मूल आधी यमकाचा शब्द ठरवतं आणि मग ओळ कशीतरी तिथपर्यंत ओढत नेतं. ‘पाऊस’ म्हटलं की ‘हौस’, ‘आई’ म्हटलं की ‘साई’. नियम द्यावा: यमकासाठी पाच शब्द वहीत लिहायचे, पहिले दोन खोडायचे, उरलेल्या तिनांतून निवडायचा. पहिले दोन सगळ्यांनाच सुचलेले असतात.

तेरा वर्षांवरच्यांना हायकू द्यावा: पाच, सात, पाच अक्षरं, तीन ओळी. कवयित्री शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. हायकूत अक्षरं सहज जमतात, पण नुसती अक्षरं जमली म्हणजे हायकू झाला असं नाही. तिसऱ्या ओळीत काहीतरी वळलं पाहिजे. लघु-गुरूंचा ठरावीक क्रम पाळावी लागणारी गणवृत्तं या वयात नकोत.

सहावा आणि सातवा: गद्य आणि भाषांतर

सगळ्या मुलांचा कल कवितेकडे नसतो. सहाव्या रविवारी घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगावी: अडकित्ता, किल्ली, काच गेलेलं घड्याळ. दीड पान लिहायचं, पण ‘मी अडकित्ता बोलतोय’ असं आत्मवृत्त नको. ते शाळेत भरपूर होतं. ही वस्तू शेवटची कुणी, कधी, कशासाठी वापरली, एवढंच लिहायचं. माहीत नसेल तर घरी विचारायचं, तरीही कळलं नाही तर कल्पना करायची.

सातव्या रविवारी एक छोटी हिंदी कविता मराठीत आणायची. दोघादोघांनी मिळून करावं, म्हणजे शब्दावरून वाद होतो आणि त्या वादात भाषा शिकली जाते.

आठवा रविवार: सुधारणं

सगळ्यात कठीण बैठक ही. तोवर लाल पेन बाहेर काढायचंच नाही. सुधारायचं कसं, हे फळ्यावर एका नमुन्यावर दाखवावं. समजा ओळी अशा आहेत:

पाऊस आला पाऊस आला
मोर नाचू लागला
सगळ्यांना आनंद झाला

‘छान नाही’ असं म्हणू नये, प्रश्न विचारावेत. पाऊस आला तेव्हा तू कुठे होतीस? गच्चीवर. तिथे काय होतं? पापड वाळत होते. मोर होता का? नाही. मग कोण धावलं? आजी. या उत्तरांतून दुसरा खर्डा असा येतो:

पाऊस आला
आजी चपला न घालता गच्चीवर गेली
पापड सगळे आले
एक राहिला
तो चादरीच्या फुलाला चिकटला

यात यमक नाही, ‘आनंद’ नाही, पण पाऊस आहे. दोन्ही खर्डे फळ्यावर शेजारी शेजारी राहू द्यावेत आणि कुठला जास्त दिसतो, एवढंच विचारावं.

वाचून झाल्यावर इतरांनी दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं, आणि मला काय कळलं नाही. ‘मस्त’, ‘भारी’ आणि टाळ्या दहाव्या रविवारपर्यंत बंद. टाळ्या कमी-जास्त पडतात आणि मुलं त्या मोजतात. त्याच कारणानं स्पर्धा आणि क्रमांकही नकोत.

व्याकरणात पहिल्या फेरीत फक्त लिंग बघावं. हिंदीमुळे ‘मोठा घर’, ‘माझी पुस्तक’, ‘तुझी आवाज’, ‘चहा बनली’ असं येतं. मराठीत घर आणि पुस्तक नपुंसकलिंगी, आवाज आणि चहा पुल्लिंगी. कट्ट्याच्या भिंतीवर यांचा तक्ता लावावा आणि नवा शब्द सापडला की मुलांनीच त्यात भर घालावी. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी, छापण्याआधी. आणि पात्राच्या तोंडची इंदुरी मराठी तशीच राहू द्यावी. आजोबा जसे बोलतात तसेच कागदावर बोलले पाहिजेत.

पालक, आणि जपून हाताळायच्या गोष्टी

एखाद्या रविवारी नऊ वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘निसर्गाची अगाध किमया’ दिसली, तर ती घरच्यांनी लिहून दिलेली असण्याचा संभव दाट. मुलाला सगळ्यांसमोर विचारू नये. त्याला बाजूला घेऊन म्हणावं, याच विषयावर तुझी एक ओळ आत्ता माझ्यासमोर लिही. ती ओळ इतरांना वाचून दाखवावी. पुढच्या वेळी मूल स्वतःच घरच्यांची मदत घेत नाही.

मोठ्या मुलांच्या वहीत राग, एकटेपणा, प्रेम येणारच. ज्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल ते कुणी वाचायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा आणि स्वतः पाळावा. पण मुलानं आपणहून वाचायला दिलेल्या लिखाणात कुणी त्याला त्रास देत असल्याचं, किंवा त्याला जगणं नकोसं झाल्याचं दिसलं, तर तिथे शब्दांची चर्चा करू नये. त्याच दिवशी एकांतात बोलावं, कुणालाही न सांगण्याचं वचन देऊ नये, आणि त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्यावं. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन विनाशुल्क आहे. तो आकडा वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांनीच लिहून ठेवावा.

नववा रविवार: हस्तलिखित

लिहिलेलं हातात घेता आलं की मुलं पुढच्या खेपेला दुप्पट लिहितात. सोळा पानी अंकाला A4 आकाराचे चार कागद लागतात. चारही कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडायचे आणि पेन्सिलीनं 1 ते 16 आकडे घालायचे. मग कागद सुटे करायचे. बाहेरच्या कागदावर एका बाजूला 16 आणि 1, दुसऱ्या बाजूला 2 आणि 15 असे आकडे दिसतील. पुढचा कागद 14–3 आणि 4–13, मग 12–5 आणि 6–11, शेवटचा 10–7 आणि 8–9. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी 17 यायला हवी. नाही आली तर कागद उलटा आहे. पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवावी, नाहीतर कोरी पानं उरतात.

लिहायला काळं जेल पेन. निळी शाई झेरॉक्समध्ये फिकी येते. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर समास सोडावा, कारण मशीन कडा खातं. दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढताना मागची बाजू डोक्यावर उलटी येणं ही ठरलेली चूक, म्हणून आधी एकच प्रत काढून दुमडून बघावी.

शिवायला सुई आणि साठ सेंटिमीटर जाड दोरा. घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन टोकांपासून चार-चार सेंटिमीटरवर. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारायची. भोकं मोठ्यांनी पाडावीत, शिवायचं मुलांनी.

टंकलिखित अंक काढायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करावं आणि छापखान्यात पीडीएफ द्यावी. इथल्या अनेक छापखान्यांत अजून कृतिदेव हा युनिकोड नसलेला जुना फॉन्ट वापरतात. त्यात मजकूर बदलताना ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ बिघडण्याची भीती असते. फोनवर टाइप करायचं तर कीबोर्डची भाषा मराठी करून घ्यावी. हिंदी ठेवली तर सुचवलेले शब्द हिंदी येतात आणि मूल तेच दाबून मोकळं होतं.

अंकात मुलाचं पहिलं नाव आणि वय एवढंच छापावं. पत्ता, शाळा, फोटो नको, आणि छापण्याआधी पालकांची आणि मुलाचीही परवानगी घ्यावी. बाहेर पाठवायचं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आधी दोन-तीन अंक वाचून मग पाठवावं. हिंदीत लिहिणाऱ्यांसाठी भोपाळच्या एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ आहे. त्यातल्या ‘मेरा पन्ना’ या सदरात मुलांचंच लिखाण असतं. पाठवण्याआधी प्रत ठेवावी, एकच लिखाण एका वेळी दोन ठिकाणी देऊ नये, आणि उत्तर यायला महिने लागू शकतात हे मुलाला आधीच सांगावं.

दहावा रविवार: वाचन

आता पालकांना आत बोलवावं. प्रत्येकाला दोन मिनिटं. बारा मुलांचे साधारण पंचवीस होतात, येण्याजाण्यासकट चाळीस. निवेदन, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे यांत वेळ घालवू नये. सर्वांत लहान मुलाला पहिलं किंवा शेवटचं ठेवू नये, तिसरं-चौथं ठेवावं. आदल्या रविवारी प्रत्येकाकडून उभं राहून एकदा वाचून घ्यावं. वही तोंडासमोर येते, ती छातीशी धरायला शिकवावं. खोली लहान असेल तर माइक नको, त्याच्या आवाजानं मुलं बिचकतात.

एक-दोन मुलं वाचायला नको म्हणतील. त्यांना आग्रह करू नये. त्यांना चालत असेल तर मित्रानं वाचावं. तेही नको असेल तर भिंतीलगत सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी त्यांचं पान लावावं, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. मोठ्यांनी वाकून वाचावं.